गाजरगवत उपटायला पोरं कशाला?

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या निदान सहा-सात ग्रुपवर एकाच प्रकारचे फोटो फिरले. शाळेच्या मैदानाची कड, कमरेपर्यंत वाढलेलं पांढऱ्या फुलांचं गाजरगवत, आणि ते दोन्ही हातांनी उपटून छातीशी कवटाळून उभी असलेली पाचवी-सहावीतली पोरं. मागे बॅनर, बाजूला पाहुणे. खाली 'स्तुत्य उपक्रम', 'अभिनंदन सर', अंगठे, टाळ्या. एका फोटोत पाहुण्यांच्या हातात मोजे होते. पोरांच्या हातात नव्हते.

मला या उपक्रमाबद्दल लिहायचंय आणि स्तुती करायची नाहीये. शिक्षकांशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगतो. वरून पत्र येतं, सप्ताह साजरा करा म्हणतं, फोटो पाठवा म्हणतं. सर तरी काय करणार? गाजरगवत वाईट आहे, ते काढलं पाहिजे, यातही वाद नाही. वाद एवढाच की फुलावर आलेलं गाजरगवत उघड्या हातांनी, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, दहा-अकरा वर्षांच्या पोरांकडून उपटून घेणं हे आरोग्याचं काम नाही, उलट आजार पेरायचं काम आहे.

माझं मेडिकलचं दुकान आहे हे इथे बहुतेकांना माहीत आहे. एवढी वर्षं गल्ल्यावर बसलं की कुठल्या महिन्यात कुठलं औषध खपतं ते पाठ होतं. जुलैच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत खाजेच्या गोळ्या आणि स्टिरॉइडच्या ट्यूबा. मी चिठ्ठीशिवाय ट्यूब देत नाही, म्हणून काही गिऱ्हाईक माझ्यावर चिडून पलीकडच्या गावाला जातं. असो, तो वेगळा विषय. पण ट्यूब मागायला येणाऱ्यांची मान, पापण्या, कोपराची लवण बघितली की कुणाचं शेत कालव्याच्या कडेला आहे ते पुष्कळदा न विचारता कळतं.

आता मूळ मुद्दा. गाजरगवताला पहिल्यांदा हात लागतो तेव्हा काहीच होत नाही. गोची तिथेच आहे. या झाडाच्या पानांवर, देठांवर बारीक लव असते. त्या लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते घामेजल्या कातडीत शिरतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी ते उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात (हाताला पिकलेलं गळू असलं की काखेत जी गाठ दुखते, तीच ही ग्रंथी) आणि तिथे शरीराच्या लढाऊ पेशी त्या रसायनाचा चेहरा लक्षात ठेवतात. याला दहा-पंधरा दिवस जातात. पहिल्याच वेळी होईल असंही नाही. दहाव्या वेळी होईल, पन्नासाव्या वेळी होईल, कुणाला आयुष्यभर होणार नाही. पण एकदा झालं की झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर शरीर डूख धरतं. डॉक्टर याला सेन्सिटायझेशन म्हणतात, मराठी पुस्तकांत संवेदनीकरण असा शब्द आहे. मला डूख धरणं हेच जास्त बरोबर वाटतं, कारण यात विसरणं नसतं.

डूख धरल्यावर पुढच्या वेळी त्या झाडाचा स्पर्श, किंवा नुसती त्याची वाळलेली भुकटी वाऱ्यावर येऊन मानेवर बसली, तरी कातडी पेटते. तीही लगेच नाही. एक ते तीन दिवसांनी. म्हणजे सोमवारी खुरपणी केली आणि बुधवारी डोळे सुजले. माणूस मंगळवारी काय खाल्लं ते आठवत बसतो. वांग्याला दोष देतो, शेंगदाण्याला देतो, नव्या साबणाला देतो. गवताचं नाव निघतच नाही.

म्हणून 'आमच्या पोरांना काही झालं नाही, दरवर्षी करतो आम्ही' हे उत्तर मला पटत नाही. काही होणार नाहीच. या वर्षी नाही, कदाचित शाळा सुटेपर्यंतही नाही. गाजरगवताने उठणाऱ्या त्वचारोगाच्या नोंदी बघितल्या तर बहुतेक रुग्ण मोठी माणसं आहेत, त्यातही शेतात, रस्त्यावर, उघड्यावर काम करणारे पुरुष जास्त. मुलं कमी दिसतात, हे मी मान्य करतो. पण हा आजार असाच आहे. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगावर पडत राहतं आणि चाळिशीत हिशोब येतो. आपण त्या हिशोबाची पहिली नोंद शाळेच्या मैदानावर, बॅनरखाली करून घेतोय.

माझ्या मामांचं सांगतो. कालव्याखालची चार एकर, ऊस आणि कांदा. पन्नाशीत त्यांना मानेवर आणि पापण्यांवर खाज सुरू झाली. पहिले दोन पावसाळे गावातल्या डॉक्टरनं 'रक्तदोष' म्हणून इंजेक्शनं दिली. मग कुणी वांगं बंद केलं, कुणी तूरडाळ, कुणी आंबट. मामीनं कडुनिंबाच्या पाल्यानं अंघोळी घातल्या. तिसऱ्या वर्षी चेहऱ्याची कातडी जाड होऊन सुरकुत्या इतक्या खोल गेल्या की लहान पोरं घाबरायची. लोकांनी महारोगाची शंका घेतली. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसायचे नाहीत. शेवटी पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या तर गाजरगवताच्या अर्काखालची जागा लालभडक, पुळ्यांनी भरलेली. निदान सोपं होतं. तोवर साडेतीन वर्षं गेली होती.

आणि उपाय काय? झाडापासून लांब राहा. शेतकऱ्याला सांगताय! मामा आता पावसाळा लागला की हडपसरला मुलाच्या फ्लॅटवर जातात. तिथे दोन महिन्यांत कातडी मऊ पडते. दिवाळीला घरी आले की पुन्हा तेच. एका वर्षी तर दारात शेवंतीचा हार ओवला आणि बोटं फुटली, कारण शेवंती, सूर्यफूल ही सगळी त्याच कुळातली, आणि डूख धरलेलं शरीर भावकीतल्या कुणालाही ओळखतं. शेत वाट्यानं दिलंय. चांगल्या हाडाचा शेतकरी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो, ते बघवत नाही.

लोक म्हणतात, 'अहो, एखाद्याची प्रकृतीच तशी असते.' इथे मला जरा आकड्यांकडे जायचंय, कारण 'एखाद्याची' हा शब्दच चुकीचा आहे.

ॲलर्जीच्या दोन वाटा आहेत. एक वर सांगितली ती, कातडीची, उशिरा उठणारी. दुसरी आयजीई नावाच्या प्रतिपिंडाची. परागकण, घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, झुरळं, मांजराचा कोंडा, शेंगदाणा यांच्यावर उठणारी, मिनिटांत शिंका आणणारी. ही दुसरी वाट रक्तात मोजता येते. अमेरिकेनं २००५-०६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत ती मोजली. सहा वर्षांवरच्या लोकांपैकी ४४.६ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध असे प्रतिपिंड सापडले. एक ते पाच वर्षांच्या बाळांमध्येही ३६.२ टक्के. जवळजवळ दर दुसरा माणूस! म्हणजे डूख धरणं ही दुबळ्या प्रकृतीची खूण नाही. माणसाचं शरीर ते करतंच. कशावर धरतं आणि त्याचा पुढे आजार होतो की नाही, हे पुष्कळसं आजूबाजूला काय आहे त्यावर ठरतं.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साखर बघतात, रक्तदाब बघतात. हे बघत नाहीत. बघायला हवं.

आता डूख आणि आजार यातला फरक. तो समजला नाही की माणूस लुटला जातो, म्हणून थोडं थांबून सांगतो. कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर भागात प्रौढांची एक मोठी पाहणी झाली, २०१६ साली प्रसिद्ध झाली. खाण्याच्या पदार्थांविरुद्ध रक्तात प्रतिपिंड असलेले लोक निघाले २६.५ टक्के. आणि खरोखर ते पदार्थ खाऊन त्रास होतो असे? साधारण १.२ टक्के. म्हणजे रक्ताचा कागद 'पॉझिटिव्ह' म्हणणारे वीसात पाच, आणि खरा आजार असणारे शंभरात एक-सव्वा. हा फरक लक्षात न घेता हल्ली तालुक्याच्या गावातही '२०० पदार्थांची ॲलर्जी टेस्ट' अशी पॅकेजं विकली जातात. माझ्या दुकानात एक बाई असा कागद घेऊन आल्या. दूध, गहू, अंडं, केळं, टोमॅटो, सगळ्यांपुढे लाल चौकोन. आठ वर्षांच्या पोराला त्यांनी चार महिने भाकरी आणि मुगाच्या वरणावर ठेवलं होतं. पोराला यातलं काही खाऊन कधी उलटी नाही, पित्त नाही, धाप नाही. त्याचं मूळ दुखणं नाक चोंदण्याचं होतं आणि घरात भिंतीला ओल होती. मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. लक्षण आधी, टेस्ट नंतर. उलट्या क्रमानं गेलात की कागदावरचा प्रत्येक लाल चौकोन तुमच्या ताटातला एक घास कमी करतो.

आणि एक. ही रक्ताची टेस्ट कातडीच्या वाटेची ॲलर्जी पकडतच नाही. मामांचं रक्त तपासून गाजरगवताचा त्वचारोग निघाला नसता. त्याला पाठीवरची पट्टीच लागते, आणि ती त्वचारोगतज्ज्ञाकडे होते, पॅकेजात नाही.

परिस्थितीचा भाग किती मोठा, हे जर्मनीत फार चांगलं दिसलं. फाळणीमुळे एकाच रक्ताची, एकाच भाषेची माणसं ४० वर्षं दोन वेगळ्या परिस्थितीत राहिली. भिंत पडल्यावर एरिका फॉन म्युटियस या डॉक्टरबाईंनी दोन्हीकडची मुलं तपासली. सगळ्यांना वाटत होतं, पूर्वेकडे कोळशाचा धूर, घाण हवा, तिथे ॲलर्जी जास्त असणार. निघालं उलटं. पश्चिमेच्या म्युनिकमध्ये ३६.७ टक्के मुलांची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह, पूर्वेच्या लाइपझिग-हाले भागात १८.२ टक्के. पुढे एकीकरणानंतर पूर्वेचं राहणीमान बदललं आणि १९९५-९६ मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा लाइपझिगमध्येही आकडा १९.३ वरून २६.७ वर गेलेला. चार-पाच वर्षांत माणसांची रक्तं बदलत नाहीत. घरं बदलली, खाणं बदललं, कुटुंबं लहान झाली. धूर चांगला असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्याच पूर्वेत धुरानं छातीचे विकार भरपूर होते. एवढंच की धूर छाती खराब करतो ती वाट एक, आणि शरीर डूख धरतं ती वाट दुसरी.

अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी पंथ आहेत. दोघांचं मूळ युरोपातलं, रक्त मिळतंजुळतं, टीव्ही दोघांकडे नाही. आमिश घोड्यानं नांगरतात, गोठा घराला लागून, पोरं त्यात लोळतात. हटराइटांची शेती मोठी, यंत्रांची, गुरं वस्तीपासून लांब. २०१६ साली त्यांच्या मुलांवरचा अभ्यास आला. आमिश मुलांत दमा चौपट कमी आणि डूख सहापट कमी. कारण गोठ्याच्या धुळीतले सूक्ष्मजंतू, असं त्या अभ्यासात उंदरांवर प्रयोग करूनही दाखवलंय.

हे वाचून आपल्याकडचे काही लोक लगेच खूश होतील. 'बघा, आमची गावची पोरं मातीत खेळतात, त्यांना काही होत नाही.' मागे एका पाहुण्यांनी भाषणात हेच सांगितलं आणि पोरांना म्हणाले, उपटा बिनधास्त. पण आजोबांच्या ओसरीला लागलेला गोठा वेगळा आणि गाजरगवताचं रान वेगळं. गोठ्यातली धूळ शरीराला सहनशीलता शिकवते, पार्थेनिन डूख धरायला शिकवतं. दोन्ही 'निसर्ग'च आहेत, म्हणून सारखे होत नाहीत. आणि हे गवत तर आपल्या निसर्गाचंही नाही.

ते इथे कसं आलं, ही गोष्ट पुण्यापासून सुरू होते. मूळ झाड मेक्सिको आणि आसपासच्या अमेरिकेतलं. १९५६ साली आर. एस. राव यांनी ते भारतातलं नवं झाड म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवलं, पुण्यात सापडलेल्या झाडांवरून. 'काँग्रेस गवत' हे नाव पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून पडलं म्हणतात, आणि काँग्रेस सरकारनं पीएल-४८० खाली मागवलेल्या अमेरिकी गव्हातून ते आलं हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. यावर कट्ट्यावर किती वाद झाले असतील! फक्त तारखा बघा. भारताचा पहिला पीएल-४८० करार १९५६ च्या ऑगस्टमधला. त्याच वर्षी नोंद छापून येते म्हणजे झाड त्याआधीच इथे उभं होतं. अमेरिकी गहू त्याआधी १९५१ च्या मदतीतूनही आला होता, त्यातून आलं असेल. किंवा आणखी जुन्या वाटेनं. १८१४ सालच्या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या यादीतही या झाडाचं नाव आहे. तेव्हा ज्यांना काँग्रेसला शिव्या द्यायच्यात त्यांनी दुसरं कारण शोधावं, ते काही कमी नाहीत.

आलं कुठूनही, पसरवलं आपण. एक झाड २५ हजारांपर्यंत बिया टाकतं. कालव्याच्या पाण्यातून, शेणखतातून, मुरमाच्या डंपरमधून, रस्त्याच्या भरावातून त्या गेल्या. साठच्या दशकात पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांपुढे या गवतानं चेहरे सुजलेले लोक येऊ लागले. डॉ. लोणकर आणि सहकाऱ्यांनी ते जगापुढे मांडलं, १९७४ साली लंडनच्या नियतकालिकात पुण्याचे रुग्ण छापून आले. त्यात काहींचा मृत्यूही झाला होता. जगात गाजरगवताच्या त्वचारोगावर लिहिणाऱ्या कुणालाही पुण्याचं नाव टाळता येत नाही. आणि आपण पुणे जिल्ह्यातले लोक पन्नास वर्षांनंतर पोरांच्या हातात त्याच गवताचे भारे देऊन फोटो काढतोय.

दुसरी वाट, नाकाची, तीही या गवतानं सोडलेली नाही. बंगळूरला १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नाक वाहणाऱ्या, शिंकणाऱ्या रुग्णांपैकी ३४ टक्के आणि दम्याच्या रुग्णांपैकी १२ टक्के गाजरगवताच्या परागकणांना त्वचाचाचणीत पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे फुलावर आलेलं झाड उपटताना, झटकताना, मातीचा गोळा काढायला पायावर आपटताना (सगळे आपटतात, मीही बघितलंय) कातडी आणि नाक दोन्हीकडून ते आत जातं. त्यात बिया पिकल्या असतील तर त्याही तिथेच गळतात. निर्मूलन म्हणायचं आणि पुढच्या वर्षीची पेरणी करायची.

आता सप्ताहाच्या तारखांचं बोलू. १६ ते २२ ऑगस्ट. जबलपूरच्या केंद्रीय तण संशोधन संस्थेनं देशभरासाठी ठरवलेला सप्ताह आहे, जागृतीसाठी. जागृती करावीच. पण आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्याला येतो. गाजरगवत उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत फुलतं. म्हणजे आपल्या भागात ते जुलैच्या शेवटाला फुलावर. सप्ताहाच्या दिवशी उपटायला जाणं म्हणजे चोर पळाल्यावर कुलूप शोधणं. व्याख्यान ऑगस्टमध्ये ठेवा, पोस्टर स्पर्धा ठेवा, काढणी मात्र जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी. तेव्हा माती ओली असते, मूळ अख्खं येतं, फूल नसतं, बी नसतं. असं कोवळं गवत नाडेपच्या टाकीत घातलं तर उत्तम खत होतं. नाडेप हे आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे काकांचं तंत्र. आपल्या ग्रामपंचायतीनं बांधलेल्या नाडेप टाक्यांत सध्या काय आहे ते मी लिहीत नाही, जाऊन बघा.

काढणार कोण, हा खरा प्रश्न. पोरं नकोत म्हटलं की उत्तर तयार असतं, 'मग रोजंदारीच्या बाया लावू.' मला हेही मान्य नाही, निदान ज्या पद्धतीनं लावतात त्या पद्धतीनं नाही. रस्त्याच्या कडेचं, स्मशानभूमीचं, बाजारतळाचं गवत दरवर्षी ज्या बाया काढतात त्यांना ठेकेदार विळा देतो, मोजे देत नाही. त्या पदर नाकाला बांधतात आणि जुन्या शर्टाच्या बाह्या हातात चढवतात, तेवढंच त्यांचं संरक्षण. पोरं वर्षातून एक दिवस उपटतात, या बाया दोन-दोन महिने. डूख धरायला लागतो तो वारंवारचा स्पर्श त्यांच्याच वाट्याला. त्यातल्या तीन-चार जणी माझ्या दुकानात नेहमी येतात. एकीला मी म्हटलं, हे काम सोडा काही दिवस, बघा फरक पडतो का. ती म्हणाली, 'दादा, ट्यूब साठ रुपयाला येती, खाडा पडला तर चारशे जात्यात.' यावर काय बोलणार!

रबरी किंवा नायट्रिलचे जाड मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाकाला मास्क, काम झाल्यावर साबणानं हात-तोंड धुवायला पाणी आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता धुणं. कापडी मोजे नकोत, रस भिजून आत येतो आणि तासन्तास कातडीला लागून राहतो. ज्याला आधीच खाज उठते त्याला या कामावर पाठवायचंच नाही, आणि त्याचा रोजही बुडवायचा नाही, दुसरं काम द्यायचं. उपटलेलं गवत वाळवून पेटवायचं नाही, भुकटी आणि धूर दोन्ही लोकांच्याच नाकात जातात. हे सगळं ठेक्याच्या अटीत लिहून घेता येतं. बॅनरला जो खर्च येतो त्यात दहा जणांचे मोजे येतील, हे मी दुकानदार म्हणून सांगतोय.

उपटण्यापलीकडेही दोन गोष्टी आहेत, कमी कष्टाच्या. एक टाकळा. पहिल्या पावसात उगवणारा, आपण ज्याची भाजी करून खातो तोच. तो दाटीनं वाढतो आणि गाजरगवताला जागा देत नाही. गावठाणाच्या, रस्त्याच्या कडेला उन्हाळ्याच्या शेवटी त्याचं बी फेकून ठेवायचं. पोरांना काम द्यायचंच असेल तर हे द्या: हिवाळ्यात टाकळ्याच्या शेंगा गोळा करा, मे महिन्यात बी टाका. कुणाच्या मानेला काही होणार नाही, आणि पुढच्या वर्षी किती फरक पडला ते मोजायला विज्ञानाचा प्रकल्पही मिळेल. दुसरा मेक्सिकन भुंगा. १९८३ साली तो मेक्सिकोहून बंगळूरला आणला, अभ्यास करून पुढच्या वर्षी सोडला. पावसाळ्यात तो गाजरगवताची पानं खाऊन नुसत्या काड्या ठेवतो. मध्ये सूर्यफुलावर दिसला म्हणून मोठा गहजब झाला होता, पण त्याचं मुख्य अन्न गाजरगवतच. त्याची मर्यादा अशी की पाऊस ओसरला की तो जमिनीत झोपतो आणि आपलं कालव्याकाठचं गवत मात्र बारमाही. तेव्हा एकट्या भुंग्यावर भागत नाही. पण जिथे तो लागलाय तिथे फवारणी करून त्याला मारू तरी नका.

चंदीगडनं २०२२ साली स्वतःचं पराग-कॅलेंडर केलं, पीजीआय आणि पंजाब विद्यापीठानं मिळून. कुठल्या महिन्यात कुठल्या झाडाचे परागकण हवेत असतात ते तिथल्या दमेकऱ्याला आधीच कळतं. पुण्यात विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, हवामान खात्याचं कार्यालयही आहे. पुणे जिल्ह्याचं असं कॅलेंडर करा, ही मागणी आमदार-खासदारांकडे करायला कुणाच्या बापाची भीती नाही. पण ते वरच्या पातळीचं. आपल्या हातातलं आधी बघू.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. मी चार मागण्यांचा अर्ज तयार केलाय. शाळा आणि अंगणवाडीच्या मुलांना गाजरगवत काढायला लावू नये, असा ठराव व्हावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना जावी. पुढच्या वर्षीपासून काढणी १५ जुलैच्या आत व्हावी. काढणीच्या ठेक्यात मोजे, मास्क, साबण-पाणी ही अट असावी आणि ते दिल्याशिवाय बिल निघू नये. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा, सप्टेंबरमध्ये, त्वचारोगतज्ज्ञ बोलावून काढणीच्या बायांची आणि कालव्याकाठच्या शेतकऱ्यांची तपासणी व्हावी.

अर्ज माझ्या दुकानात ठेवलाय. आत्तापर्यंत ४१ सह्या झाल्यात, त्यात ज्या शाळेचा फोटो सगळ्यात जास्त फिरला तिथल्या दोन शिक्षकांच्याही आहेत. दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ उघडं असतं, दुपारी दोन ते चार बंद.